मामांचा हॉटस्पॉट

सोफेवाले मामा जागेवर बसलेले कुणी पाहिले नव्हते. पायाला भिंगरीच होती त्यांच्या. लोकांना ऐसपैस बसता यावं म्हणून जन्मभर गाद्या भरणारा हा माणूस स्वतः जेवायचासुद्धा उभ्या उभ्या, आणि भाची रागावली की म्हणायचा, बसलो तर झोप लागेल.

पुढे दुकान, मागे दोघांची खोली, अंगणापलीकडे फोम ठेवायची शेड. बहीण गेली तेव्हा भाची शाळेतही जात नव्हती. तिची वेणी घालण्यापासून सगळं मामांनीच केलं, वेणी कायम एका बाजूला जायची ती गोष्ट वेगळी. आता ती शिकूनसवरून दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी मुलाखत देत होती. म्हणजे देऊ पाहत होती. मुलाखत लॅपटॉपवर आणि नेट मामांच्या फोनचं, कारण त्या घरात रेंज यायची ती फक्त त्याच फोनला. दोनदा मुलाखत सुरू झाली आणि दोन्ही वेळा मध्येच तुटली. आता एकच संधी मिळेल, असं प्रयोगशाळेने स्पष्ट कळवलं होतं.

मग खटपट सुरू झाली. फोन बंद करून चालू केला, पासवर्ड बदलला, बॅटरी वाचवायची सोय काढून टाकली, लॅपटॉप दाराशी आणला. तरी नेट जायचं आणि यायचं. भाची धावत दुकानात यावी, तर फोन टेबलावर जिथल्या तिथे. मामा फोन कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे.

शेवटी ती लॅपटॉप घेऊन दुकानाच्या दारातच उभी राहिली. मामांनी कापड पसरायला घेतलं. कापड पसरायचं तर टेबल रिकामं हवं, ही हाताची जुनी सवय. टेप, खडू, फोन, सगळं एका हाताने गोळा करून खिशात. कापड पसरलं आणि स्वारी निघाली फोम आणायला. इकडे नेटच्या रेघा एकेक करून गेल्या. परत येऊन मामांनी टेप, खडू, फोन पुन्हा मांडून ठेवले आणि कात्री उचलली. आपण काही केलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

भाची हसत सुटली. कारण कळल्यावर मामा मात्र ओशाळले.

"तू जाऊ नयेस म्हणून मी हे करत होतो, असं वाटेल तुला."

"मला कशाला असं वाटेल, मामा?"

"मला वाटतंय ना."

मुलाखतीच्या दिवशी मामांनी कापडाला हात लावला नाही. फोन टेबलावर ठेवायचा तर स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता. खोलीच्या दाराला लागून त्यांनी स्टूल टाकलं, फोन दोन्ही हातांत धरला आणि बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला मानेनेच वाटेला लावलं. पाठीला रग लागली, पायांना मुंग्या आल्या. आत भाची न अडखळता बोलत होती. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ऊर भरून येत होता. एवढीशी होती ही.

मग लॅपटॉपमधून मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला. निवड झाली आहे, पुढच्या आठवड्यात इकडे राहायला येता येईल का?

भाचीने वळून दाराकडे पाहिलं. ती आपलाच विचार करतेय, हे मामांना न सांगता कळलं. अंगण समोरच होतं. उठून नुसतं शेडपर्यंत गेलं असतं, तरी पुढचं बोलणं तिथेच राहिलं असतं.

मामा स्टुलावर तसेच बसून राहिले आणि दाराच्या फटीतून हळूच म्हणाले, "हो म्हण गं. नेट आहे."