पाच मोज्यांचा पाय

तारीख बारा, सोमवार. ओसरीत हजर: मी, नवरा, चुलतसासरे. मंगरूळपीरच्या शिबिरातून आणलेला पाय भिंतीला टेकवलेला.

सोयाबीन काढताना नवऱ्याचा उजवा पाय थ्रेशरमध्ये गेला. गुडघ्याखाली वीतभर उरला. नकली पाय लावून घरापासून वावरापर्यंत एकट्यानं चालत जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी वहीत यादी केली. पहिलं काम, उरलेल्या पायाला दिवसभर घट्ट पट्टी. सूज उतरल्यावरच माप घ्यायचं असतं. मी रोज सकाळी पट्टी बांधली आणि रोज खूण केली.

पण आमच्या आसेगावात भेटायला आलेला माणूस नुसता चहा पिऊन उठत नाही. "दाखव बरं, कुठलोक गेला," म्हणतो. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? नवरा पट्टी सोडायचा. एक पाहुणा जाईपर्यंत दुसरा दारात. संध्याकाळी पट्टी खाटेखाली सापडायची. मी कप विसळत असायचे.

शिबिरात माप घेणाऱ्यानं विचारलं, "पट्टी रोज बांधता ना?" मी वहीच पुढे केली. सगळ्या खुणा जागेवर होत्या. त्यानं सुजेवरच माप घेतलं.

पाय हातात आला तोवर भेटणारे थांबले होते आणि सूजही उतरली होती. पाय ढिला. आत एक मोजा घातला, मग तीन, मग पाच. तरी फिरायचा, कातडी सोलायचा. एकदा ते हातपंपापर्यंत गेले. परत आणायला दोन माणसं लागली.

त्या सोमवारी चुलतसासरे म्हणाले, "काहून घालत नाही रे पाय? भिंतीले कायले देला?"

"ढिला होते, काका. तुमीच पाहा. तुमाले पाहाची लय हौस होती."

काकांनी बशीत चहा ओतला. मी म्हटलं, "उद्या सकाळच्या यस्टीनं जाऊ. नवं माप देऊन येऊ."

"कायले?" नवरा म्हणाला. "वावर काकाले बटईनं देलं म्या, अर्ध्या वाट्यावर. आता कुठी चालत जाऊ?"

मला हे माहीत नव्हतं. काका कशाला आले होते, ते तेव्हा कळलं. त्यांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि वावराच्या रस्त्यानं गेले.

मी वही काढली. पाचही मोजे धुतले, वाळवले, खूण केली. त्याखालची बिनखुणेची ओळ तेव्हापासून दर महिन्याला नव्या पानावर उतरवते आहे: नवं माप देणे.