मान कुठे हलवायची

स्टेजवर पियानो, व्हायोलिन आणि चेलो असे तिघे वाजवत होते आणि प्रेक्षकांत माझ्या शेजारी माझे वडील, आप्पा, मांडीवर ठेका धरत होते. आमच्या गावच्या भजनात त्यांनी जन्मभर पखवाज वाजवला. इथे मात्र चार मात्रा जुळायच्या, मग लय अचानक मागे सरायची आणि त्यांचा हात हवेत थबकायचा.

"अरे, यांची सम कुठंय?" ते कुजबुजले.

"आप्पा, यांच्यात तशी सम नसते."

"नसते? मग मान कुठं हलवायची?"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मी खुर्चीत खाली सरकलो. हे संगीत मला मनापासून आवडतं, पण अजूनही टाळी वाजवण्याआधी मी इतरांचे हात पाहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आप्पांनी हट्टाने पाठवलं म्हणून गेलो आणि तिथे कधी हसायचं, कधी उठायचं, हे दुसऱ्यांकडे बघून शिकलो. ते बघणं काही सुटलं नाही.

व्हायोलिन उंच चढत होतं, चेलो त्याला खाली ओढत होता आणि पियानो दोघांनाही थांबू देत नव्हता. आप्पांचा हात पुन्हा सुरू झाला. बाई पुन्हा वळल्या. आप्पांना थांबवायला मी हात पुढे केला, पण तो माझ्याच मांडीवर पडला आणि ठेका धरू लागला.

आप्पांनी माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं. "चुकतोयस."

"तुम्हीपण," मी म्हणालो आणि बाईंकडे न बघता हात चालू ठेवला.