मृणालच्या नावावरची वीज

"काकू, खातं बंदच करायचंय ना? मग त्यात पैसे उणे असले काय नि अधिक असले काय!"

मृणाल माझ्या डेस्कसमोर बसून इतक्या निरागसपणे हे म्हणाली, की हसावं की तिचे कान उपटावेत ते मला कळेना. बाहेर अमेरिकेतल्या नेपरव्हिलचा बर्फ पडत होता, तिच्या बुटांचं पाणी माझ्या कार्पेटवर पसरत होतं आणि माझ्या स्क्रीनवर तिचं खातं लाल रंगात उणे दाखवत होतं. सहाशे डॉलरच्या वर.

"बाई गं," मी म्हटलं, "आधी कोट काढ आणि नीट बस. हे दोन मिनिटांचं काम नाही."

२००६ चा डिसेंबर होता. मी एका बँकेच्या ब्रँचमध्ये पर्सनल बँकर होते. पर्सनल बँकर म्हणजे काउंटरवर पैसे मोजणारी नव्हे. डेस्कवर बसून खाती उघडणारी, बंद करणारी आणि लोकांनी मधल्या काळात जे घोळ घातलेले असतात ते निस्तरणारी. आसपासच्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मराठी पोरांना माझा पत्ता कुणीतरी देऊन ठेवला होता. येणारा प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात मला काकू म्हणायचा. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली.

मृणाल नागपूरची. एमएस नुकतंच संपलं होतं आणि पार पश्चिम किनाऱ्याकडच्या रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. रविवारी विमान, सोमवारी जॉइन व्हायचं. आमच्या बँकेची तिकडे एकही शाखा नव्हती, म्हणून इथलं स्टुडंट अकाउंट बंद करायचं आणि तिथल्या बँकेत नवं उघडायचं, एवढा साधा बेत.

पण उणे असलेलं खातं बंद होत नाही. याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात, म्हणजे खात्यात आहे त्याहून जास्त पैसे खर्च होणं. बँक ते वरचे पैसे तात्पुरते आपल्या खिशातून भरते आणि दर वेळी त्याची फी लावते. फी न भरता तसंच पडू दिलं, तर रोजची वेगळी फी लागते. आणि दोनेक महिने उलटले की बँक ते खातं बुडीत धरून स्वतःच बंद करते आणि त्या माणसाचं नाव सगळ्या बँका बघतात अशा एका सामाईक नोंदीत टाकते. नाव एकदा तिथे गेलं की पुढची काही वर्षं दुसरी कुठली बँक दारात उभं करत नाही. मृणालच्या खात्याला ती वेळ महिनाअखेरीस येणार होती.

"पण माझी कंपनी पगार डायरेक्ट डिपॉझिटच करते. खात्याशिवाय देतच नाही," मृणाल म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता.

"मग आत्ता भरून टाक."

"काकू, माझ्याकडे आहेत ते बाबांनी पाठवलेले पैसे. तिकडच्या अपार्टमेंटचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं. कंपनी दोनच आठवडे हॉटेल देणार आहे. हे इथे दिले तर मी राहू कुठे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझी अमेरिकेतली पहिली वर्षं आठवली. पण रडणाऱ्या माणसासमोर बँकरने रडायचं नसतं. मी टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला आणि तिचं स्टेटमेंट उघडलं.

खर्च सगळा एकाच प्रकारचा होता. दर महिन्याला विजेच्या कंपनीने आपोआप ओढलेले पैसे. एटीएम नाही, खरेदी नाही, काही नाही.

"ही वीज कुठली? तू तर एका कुटुंबाच्या घरी रूम घेऊन राहतेस ना?"

"सप्टेंबरपासून. त्याआधी चौघी मिळून फ्लॅटमध्ये होतो." ती थबकली. "अय्यो! फ्लॅटची वीज माझ्याच नावावर आहे!"

आता ही भानगड आपल्याच पोरापोरींची. अमेरिकन मुलगा फ्लॅट सोडताना विजेचं कनेक्शन तोडतो आणि जातो. आपल्याकडे सीनियर फ्लॅट ज्युनियरना देतात. गाद्या, कुकर, मिक्सर, शिवाय वीज आणि गॅससुद्धा, सगळं तसंच पुढच्या बॅचकडे. नाव बदलायचं नाही, कारण नव्याने आलेल्याची इथे काही क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी-बिलं फेडल्याची नोंद, नसते आणि कंपनी त्याच्याकडून भरभक्कम डिपॉझिट मागते. जुनं नाव चालू ठेवलं की डिपॉझिट वाचतं. पैसे वाचवण्यात आपलं डोकं असं चालतं की विचारू नका!

"आणि तुला दोन महिने पत्ता नाही?"

"लायब्ररीतल्या जॉबचा चेक मी परस्पर कॅश करून घ्यायचे. खात्यात थोडेसेच होते, म्हणून बघितलंच नाही."

"स्टेटमेंट पोस्टाने येतं ना?"

"ते फ्लॅटवर जात असणार. पत्ता बदलायचा राहिला."

मी कपाळावर हात मारला. "त्या फ्लॅटमधल्या मुलींना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर. वीज त्या जाळतात आणि पैसे तू भरतेस होय?"

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे पूजा नावाची पुण्याची मुलगी होती. मृणालने चढ्या आवाजात विचारल्यावर ती बिचारी गोंधळली.

"मृणालताई, आम्ही तर दर महिन्याला भरतोय! तुझ्या बँकेत जाऊन कॅश जमा करतो. आणि तुझी पत्रंही सगळी नीट ठेवली आहेत हं, एकही उघडलं नाही."

"कुठल्या खात्यात जमा करता?"

"तोच नंबर यार, फ्लॅटचा. आम्ही आलो तेव्हा सगळ्यांनी तोच सांगितला. विजेचे पैसे या खात्यात."

पूजाने नंबर वाचून दाखवला. तो मृणालचा नव्हता. मृणालच्या वेळी बाकीच्या तिघी विजेचे पैसे तिच्या हातातच द्यायच्या, त्यामुळे तो नंबर कुणाच्या कामी आलाच नव्हता. पण तोंडोतोंडी तो पुढच्या बॅचपर्यंत पोचला होता.

आता माझी खरी पंचाईत. नंबर आमच्याच बँकेचा होता. तो टाइप केला असता तर नाव समोर आलं असतं. पण दुसऱ्याचं खातं उगाच उघडून बघायचं नाही आणि कुणाचं काय आहे ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. यावर माणसांच्या नोकऱ्या जातात. मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"मृणाल, तुझ्याआधी वीज कुणाच्या नावावर होती?"

"अश्विनीताईच्या. निघताना तिने आपलं नाव काढायला लावलं. ती आता क्युपर्टिनोला असते."

"मग तिला विचार."

अश्विनी मीटिंगमध्ये होती. तासाभराने तिचा फोन आला. मृणालने सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, येतायत ना पैसे! मला वाटलं, फ्लॅटच्या डिपॉझिटमधला माझा वाटा तुम्ही थोडा थोडा परत करताय. मी म्हटलं, किती प्रामाणिक पोरी!"

"ताई, तो वाटा तू निघालीस तेव्हाच मी तुला चेकने दिला होता."

"अरे देवा! हो की गं. आणि मी त्या पैशांचे बूट घेतले."

मृणाल रडता रडता हसली. मीही. अश्विनीने तिथल्या तिथे फोन बँकिंगवरून मुलींनी भरलेली सगळी रक्कम मृणालच्या खात्यात वळती केली. दोन्ही खाती एकाच बँकेत असल्याने पैसे लगेच दिसले. या पोरींपैकी एकीचीही नियत खोटी नव्हती, याचं मला इतकं बरं वाटलं! घोळ सगळा आपल्या पद्धतीचा होता.

पण विजेचे पैसे आले तरी फी उरलीच. आणि ती जवळजवळ निम्मी रक्कम होती. मी उठून लिंडाच्या केबिनमध्ये गेले.

लिंडा आमची ब्रँच मॅनेजर. साठीच्या जवळपासची, आवाज कोरडा, स्तुती वगैरे करायची नाही. पण मला इथला काडीचा अनुभव नसताना तिने नोकरीवर घेतलं होतं. डोंबिवलीच्या सहकारी बँकेतली माझी वर्षं अनुभव म्हणून धरणारी ती एकटी. मी तिचे उपकार आजही मानते.

तिने ऐकून घेतलं. "दोन फी मी माझ्या अधिकारात माफ करू शकते. बाकीच्यासाठी रीजनल ऑफिस."

रीजनल ऑफिसातला डेव्हिड स्पीकरवर आला. "विजेच्या कंपनीला पैसे ओढायची परवानगी ग्राहकानेच दिली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग फी बरोबर आहे."

"बरोबर आहे हे मलाही कळतं! पण ती मुलगी पैसे बुडवून पळत नाहीये. स्वतःहून समोर येऊन बसली आहे. आलेल्या माणसाला पॉलिसीच वाचून दाखवायची असेल तर मला पगार कशाला देता? डेस्कवर मशीन बसवा!"

लिंडाने शांतपणे म्यूटचं बटण दाबलं. माझे कान गरम झाले. आता आपली नोकरी गेली, घरी नवऱ्याला काय सांगायचं, असा विचारही मनात येऊन गेला.

"झालं बोलून?" तिने विचारलं. मग बटण सोडून फोनवर म्हणाली, "डेव्हिड, ठीक आहे. उरलेली फी माझ्या ब्रँचच्या लॉसला टाकते."

ब्रँचचा लॉस म्हणजे काउंटरवर पैसे कमी पडले, खोटी नोट आली, तर ते नुकसान ब्रँच ज्या खात्यात मांडते ते. तो आकडा वाढला की मॅनेजरचा बोनस घटतो. हे डेव्हिडला ठाऊक होतं, लिंडाला ठाऊक होतं, मलाही होतं. मी काही बोलायला तोंड उघडलं.

"मुलगी खोळंबली आहे," लिंडा म्हणाली.

तरीही खातं लगेच बंद करून चालणार नव्हतं. बंद केलेल्या खात्यावर पुढचं विजेचं बिल येऊन आदळलं, तर खातं आपोआप पुन्हा उघडतं आणि पुन्हा उणे होतं. मी लोकांचं असं झालेलं पाहिलं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी पूजाला बोलावून घेतलं. तिने माझ्या डेस्कवरूनच वीज कंपनीला फोन केला, कनेक्शन आपल्या नावावर घेतलं आणि डिपॉझिट निमूट कबूल केलं. मृणालची परवानगी रद्द झाल्याची खात्री आम्ही दोनदा करून घेतली, मगच मी खातं शून्यावर बंद केलं.

निघताना मृणाल भर ब्रँचमध्ये माझ्या पाया पडली. काउंटरवरच्या बाईला वाटलं तिला चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. मग मृणाल लिंडाच्या केबिनमध्ये गेली. तिथे काय करावं तिला सुचेना, नुसती थँक यू म्हणत उभी राहिली. लिंडा म्हणाली, "जा, बर्फ वाढायच्या आत घर गाठ."

पुढच्या आठवड्यात रेडमंडहून फोन आला. खातं उघडलं होतं, अपार्टमेंट मिळालं होतं. "काकू, इथे नुसता पाऊस आहे," म्हणाली, आणि पुन्हा रडली. सुखाने रडणाऱ्याला काय सांगणार? मी म्हटलं, छत्री घे.

मार्चमध्ये डेव्हिड ब्रँचच्या रिव्ह्यूला आला. मीही खोलीत होते. लॉसच्या आकड्यावर त्याने पेन टेकवलं. "ती विद्यार्थिनी तर खातं बंद करून निघून गेली. मग या पैशांत आपल्याला मिळालं काय?"

"काहीच नाही," लिंडा म्हणाली. "ती सोमवारी कामावर हजर झाली."

डेव्हिडने पान उलटलं. त्या वर्षी लिंडाचा बोनस किती कापला गेला ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर माझ्या डेस्कवर खातं बंद करायला आलेल्या प्रत्येक मराठी पोराला मी आधी एकच विचारत आले, तुझ्या नावावर कुणाची वीज जळते आहे? दर चारांत एक जण तरी खिशातून फोन काढतो.