पप्पांची तीन पत्रं आणि माझं जर्मन

वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी मी जर्मनच्या क्लासला नाव घातलं. लायब्ररीतल्या बाईने विचारलं, "हॉलिडेला जाणार आहात का?" मी म्हटलं, "नाही, वडिलांची पत्रं वाचायची आहेत." तिने माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मवरच्या जन्मतारखेकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

माझा जन्म व्हिएन्नाचा आणि मला जर्मन येत नव्हतं, हे लोकांना काही केल्या पटत नाही. इथे मँचेस्टरला ट्रॅममध्ये मी फोनवर नातीला ओरडते, "अगं बावळट, किल्ली कुठे ठेवलीस?" तेव्हा आसपासची मराठी पोरं अशी दचकतात की विचारू नका. एकाने तर उठून मला वाकून नमस्कार केला होता. गोऱ्या म्हातारीच्या तोंडून सातारी मराठी ऐकून बिचाऱ्याला दुसरं काही सुचलंच नसेल.

व्हिएन्नातलं मला फार थोडं आठवतं. बागेतल्या बाकावर ज्यूंनी बसायचं नाही अशी पाटी लागली होती. मग मी खाली उकिडवी बसायचे आणि बाहुलीला बाकावर बसवायचे. बाहुलीच्या धर्माबद्दल पाटी काही बोलत नव्हती. पप्पांचं चष्म्याचं दुकान होतं. एके दिवशी त्याची काच फुटली, पुढच्या आठवड्यात दुकानच दुसऱ्याचं झालं. बाहेर पडायची परवानगी आली ती आईची आणि माझी, दोघींचीच. पप्पा मागून येणार होते. मी पाच वर्षांची होते.

मुंबईला उतरलो, थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली, आणि इंग्रज सरकारने आमचे हिटलरच्या शिक्क्याचे पासपोर्ट बघून आम्हाला जर्मन ठरवलं. घ्या! तिकडून ज्यू म्हणून हाकललं, इकडे जर्मन म्हणून धरलं. साताऱ्याला नेऊन ठेवलं आणि रोज हजेरी लावली. आईने त्या दिवसापासून जर्मनवर बहिष्कार टाकला. ज्या भाषेने दोन्हीकडून मार खायला लावला ती घरात नको, म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण तिची मराठी! देवा रे देवा. मी मात्र सहा महिन्यांत जर्मन विसरून शेजारच्या पोरांबरोबर पेरू चोरायला आणि शिव्या द्यायला तयार.

लढाईच्या काळात पप्पांची तीन पत्रं आली, तिसऱ्याच कुठल्या देशातल्या नातलगाकडून फिरत फिरत. मग थांबली. पप्पांना छावणीत नेऊन मारलं म्हणून ती थांबली, हे आईला लढाई संपल्यावर कळलं आणि मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दरम्यान आई ती तीन पत्रं मला वाचून दाखवत राहिली. मी भाजी टाकली की ती कपाटातून कागद काढायची, चष्मा लावायची आणि गंभीर आवाजात वाचायची, "तुझा पप्पा लिहितो, कारला खाल्ला पाहिजे." गणितात नापास झाले की, "तुझा पप्पा लिहितो, पाढे पाठ कर, सतरापर्यंत." व्हिएन्नाच्या चष्मेवाल्याला कारलं कुठून ठाऊक? आणि सतराचा पाढा? आठव्या वर्षापासून मला हे प्रश्न पडत होते. पत्र तेच, शाईचा डाग तोच, हुकूम मात्र दरवेळी नवा. पण मी कधी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पत्रं बंद झाली असती, आणि मला कारल्यासकट पप्पा हवे होते.

लढाईनंतर आईने मुंबईत फ्रॉक शिवून आणि लग्नाचे केक करून मला वाढवलं. माझं लग्न मराठी बोलणाऱ्या ज्यू घरात झालं. सासूबाईंना गोरी सून नको होती. पण दूध उतू गेल्यावर माझ्या तोंडून जी अस्सल शिवी निघाली ती ऐकून त्या म्हणाल्या, "आपलीच आहे." पुढे आम्ही मँचेस्टरला आलो, आईही आली, इथेच गेली. पत्रं माझ्याकडे आली.

ती मी तीसेक वर्षं उघडली नाहीत. खरं सांगते, भीती वाटत होती. आईने वाचलेलं सगळं तिच्या मनचं होतं, हे कळून चुकलं होतंच. पण मग माझ्यासाठी पप्पांनी लिहिलेलं असं त्यांत काही होतं का? एक शब्द तरी? नसलाच तर? म्हणून दुसऱ्या कुणाला मी ती वाचू दिली नाही. वाईट बातमी असेल तर ती मला माझ्याच डोळ्यांनी कळू दे.

नातीने एकदा गुपचूप फोन धरला पत्रावर. "आजी, हा फोन सगळा वाचतो, एका मिनिटात!" फोनने वाचलं : गाढवाला सात खिडक्या असून सॉसेज दुःखी आहे. मी तिला स्वयंपाकघरातून हाकललं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, नव्वदीला काय म्हणत असतील कोण जाणे. वर्गात सगळे माझ्या नातवंडांच्या वयाचे. दोन वर्षांत मी स्टेशनचा रस्ता विचारायला, बिअर मागवायला आणि माझा कुत्रा आजारी आहे हे सांगायला शिकले. मला कुत्रा नाही. मग एके दिवशी धीर करून पत्र काढलं, आणि कपाळ माझं, एक अक्षर लागेना! क्लास शिकवणाऱ्या आमच्या तरुण बाईंनाही लागेना. ती जुनी जर्मन लिपी निघाली. म्हणजे आपली मोडीच म्हणा ना, आजोबांचे कागद घरात असून नातवाला दगड. बाईंनी अक्षरांचा तक्ता आणून दिला. तीन आठवडे मी तो फ्रिजवर लावून बाराखडीसारखा घोकला.

मग एका मंगळवारी क्लास सुटल्यावर मी आणि बाई तिथेच बसलो. अडलं तरच सांगायचं, असा त्यांना दम दिला होता. पहिलं पत्र : जेवणाचं टेबल विकलं, शेगडी विकली, कचेरीत रांग मोठी. माझं नाव नाही. दुसरं पत्र : अमुक कागद मिळाला, तमुक मिळेना. पुन्हा रांग. माझं नाव नाही. मी तिसऱ्या पत्राची घडी उलगडेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्या वाचू या का?" मी म्हटलं, "एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला उद्या सांगू नका."

तिसऱ्या पत्रात अर्ध्या पानावर माझं नाव आलं. मी बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं. पप्पांनी लिहिलं होतं : पोरगी आता तिथली भाषा बोलते म्हणतेस. तिला तिच्या त्या भाषेत मला एक ओळ लिहायला सांग. मी इथे कुणीतरी शोधीन, जो मला ती वाचून दाखवील.

आईने एवढे हुकूम वाचले, पण पप्पांनी खरोखर सांगितलेलं हे एकच काम ती मला कधी बोलली नाही. का, ते मला त्या खुर्चीतच कळलं. मी लगेच लिहिलं असतं. रोज विचारलं असतं, उत्तर आलं का. आणि ते पत्र फिरत फिरत आमच्या हाती येईतो पप्पा त्या घरात नव्हते, पाठवायला पत्ता उरला नव्हता. मी रडले, मोठ्याने रडले, लायब्ररीत शांतता पाळायची असते तरी रडले. बाईंनी दार लावून घेतलं.

घरी आले, कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसले आणि मराठीत लिहायला घेतलं. "प्रिय पप्पा." एक ओळ मागितली होती माणसाने. नात येऊन जेवायला बोलावून गेली, दोनदा. सहा पानं झाली आहेत आणि मी अजून बोटीतून उतरलेसुद्धा नाही.