लोट्टेची शेवटची आंघोळ

ही फजिती मी बायकोलासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितली. तेव्हा हसा, पण बेतानं. चहा सांडेल!

दोन हजार चारचा हिवाळा. मी पुण्याहून जर्मनीतल्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर नुकताच आलेलो. केलरबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. बाई सत्तरीच्या, एकट्या. दर शनिवारी सफरचंदाचा केक करायच्या आणि माझ्या दाराशी ताटली ठेवून जायच्या. अजूनही कुठे दालचिनीचा वास आला की तो करकरणारा लाकडी जिना आठवतो.

आणि खाली दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत, लोट्टे! केशरी रंगाचा, अडीच हात लांब, बिनविषारी साप. बाई तिला 'ती' म्हणायच्या, म्हणून मीही 'ती'.

बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन हायडेलबर्गला ठरलं. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "लोट्टेला सांभाळशील ना? माझ्या नवऱ्याची तेवढीच आठवण उरलीय."

नाही कसं म्हणणार? इतके केक खाल्लेला माणूस मी!

थंडी कडाक्याची. म्हटलं, बिचारी गारठेल. दिवाणखान्यातला हीटर केला फुल्ल. चौथ्या दिवशी बघतो तर लोट्टे मलूल! रंग उडालेला, डोळ्यांवर पांढुरकी साय, अंगावर कागदासारखे पोपडे. जेवणाकडे ढुंकून बघेना.

तुम्ही म्हणाल, अरे, कात टाकत असेल! अहो, कात मी पाहिली होती ती शाळेच्या प्रयोगशाळेत, बरणीत. ती निघण्याआधी साप असा मरायला टेकल्यासारखा दिसतो, हे कुणी सांगितलं होतं?

ऑफिसातल्या मिलिंदला बोलावलं. सांगलीचा गडी. तो दारातूनच म्हणाला, "संपलं रे हिचं. बाईंना कळव."

लावला हॉस्पिटलात फोन.

"केलरबाई, लोट्टे काही खात नाही. डोळे पांढरे झालेत."

बाई म्हणाल्या, "हॉयटेट!"

मला ऐकू आलं 'हॉयटे'. हॉयटे म्हणजे आज. म्हणजे लोट्टेचा आजचाच दिवस!

"आजच?" मी विचारलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर! हॉयटेट!" बाई चक्क खूश! "घाबरू नकोस. कोमट पाण्यात आंघोळ घाल. मग ओल्या सुती टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून पेटीत ठेव. ओढाताण करू नकोस. तिचं तिला होऊ दे."

"डॉक्टरला बोलावू?"

"छे, कशाला?"

फोन ठेवला. काय ही बाई! केवढी स्थितप्रज्ञ! आणि आंघोळ घालून कापडात गुंडाळायचं? यांच्यातही आपल्यासारखंच करतात की!

मिलिंदनं टबात कोमट पाणी घेतलं. मी लोट्टेला अलगद सोडलं. आईनं दिलेल्या गंगाजलाचे चार थेंबही त्यात टाकले.

"मंत्र येतो का एखादा?" मिलिंदनं विचारलं.

"शुभंकरोति येतं."

"चालेल."

झालं! दोघा इंजिनिअरांनी हात जोडून सापासमोर शुभंकरोति म्हटलं. मग तिला टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं. पुढचं बघवेना. मी काळ्या काठाचं सांत्वनाचं कार्ड आणि पांढरी फुलं घेऊन बसनं हायडेलबर्ग गाठलं.

बाईंच्या खोलीच्या दारात नर्सनं अडवलं. "कोण गेलं?"

"लोट्टे. आजच. मीच तिला आंघोळ घातली, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं."

नर्स दोन पावलं मागे सरकली. "डॉक्टरांना बोलावलं होतंत?"

"नाही. केलरबाई म्हणाल्या, कशाला?"

नर्सचा हात फोनकडे गेला. तेवढ्यात आतून बाई ओरडल्या, "अहो, लोट्टे माझा साप आहे!"

नर्स मटकन खुर्चीत बसली. बाईंनी कार्ड वाचलं आणि गुडघा धरून अशा हसायला लागल्या की टाके तुटतात की काय! मग माझा हातमोजा बोटांपासून हळूहळू सोलून काढत म्हणाल्या, "हॉयटे म्हणजे आज. हॉयटेट म्हणजे कात टाकतेय! तुझ्या हीटरनं हवा कोरडी झाली, कात अंगाला चिकटली. ओलावा मिळाला की सुटेल."

धावत घरी आलो. टॉवेलमधून लोट्टे बाहेर आलेली, ताज्या संत्र्यासारखी तजेलदार! जुनी कात टॉवेलमध्येच राहिली होती. मी पेटीसमोर जमिनीवर बसलो आणि खरं सांगतो, रडलो. त्या परक्या गावात तोवर एकदाही रडलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात बाई घरी आल्या, आणि त्याच दिवशी मी महिन्यापूर्वी दिलेल्या जर्मन परीक्षेचा निकाल आला. 'ऐकून समजणे' या विषयात शेरा: अतिउत्तम!

बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग गंभीरपणे विचारलं, "परीक्षा कोणी घेतली? लोट्टेनं?"

त्या हसल्या, म्हणून मीही मनसोक्त हसलो. सापाला कान नसतात, हे मला जिना चढून वर गेल्यावर आठवलं.