इंजिनियरमावशीचं कॅलेंडर

नवीन माणूस दारात आला की इंजिनियरमावशी त्याचं नाव नंतर विचारायची. आधी, "विमानातून कुठल्या तारखेला उतरलास?" मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन महिने मोजायला लागायची.

अमेरिकेत, शॉमबर्गच्या एका हॉटेलात आम्ही दोघी चादरी धुवायचो. मी आठवीत शाळा सोडलेली; ती व्हेनेझुएलात तेलाच्या कंपनीत इंजिनियर होती. संपात नोकरी गेली आणि २००३ साली इकडे आली. मशीन अडलं की मॅनेजरच्या आधी तिला हाक जायची. साधी घडी घालतानाही मी चुकेल म्हणून सारखी मॅनेजरकडे बघायचे. "मीहा," म्हणजे पोरी, "घाबरतेस कशाला? चादरच आहे ती." तिच्यामुळे मी त्या नोकरीत टिकले.

राजकीय आसऱ्याचा अर्ज इथे उतरल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. तिनं केलाच नव्हता. "डिसेंबरपर्यंत तिकडचं सरकार पडेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. अर्ज केला म्हणजे परत जायचं नाही, असं कबूल केल्यासारखं. मी नाही केलं कबूल. मूर्ख!" एका वकिलानं नंतर तिचा अर्ज घातला, पण आशा ठेवू नका म्हणाला. तेव्हापासून तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती त्या वकिलाकडे ओढून न्यायची. एक डॉक्टर कुरकुरला, "मला दोन महिन्यांत परत जायचंय."

"मीही हेच म्हणत होते. बस गाडीत."

नाताळाआधी तिच्याकडे अयाका व्हायच्या. मक्याच्या पिठात मांसाचं सारण भरायचं आणि केळीच्या पानात बांधून उकडायचं. पानं मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या देशी दुकानांतून आणायची. सगळ्यात नव्या माणसानं पानं पुसायची, अशी त्यांची रीत. पहिल्या वर्षी आम्ही दोघीच होतो, पुसायला मी. पुढे पुसणारेच सात-आठ झाले, माणसं जिन्यात बसायला लागली. तेवढ्या गर्दीतही माझी बिनमांसाची अयाका वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधायला ती विसरली नाही.

२००८च्या उन्हाळ्यात तिचा निकाल आला. नामंजूर. बहिणीकडे स्पेनला जायचं ठरलं.

विमानतळावर तीसेक जण आलो होतो. तिनं ओढून नेलेल्यांपैकी बहुतेकांचे कागद झाले होते. बॅग डॉक्टरनं धरली होती. मावशी फार दमलेली दिसत होती. तिनं घड्याळ बघितलं.

"दहाच्या शिफ्टवाल्यांनी निघा. उशीर नको."

नोकरी जाईल ही भीती सगळ्यांनाच होती, मला जरा जास्तच. आम्ही खरंच निघालो; ज्यांची शिफ्ट नव्हती, तेही आमच्याच गाड्यांतून आलेले. तिला आत जाताना बघायला कुणी थांबलं नाही.