उंबऱ्याबाहेरचं दुपटं

केजच्या बाजारपेठेत मोहनरावांचं कापडाचं दुकान होतं. धाकटा भाऊ वैजिनाथ धारूरच्या घाटात जीप उलटून गेला आणि त्याची बायको गंगासागर दुकानामागच्या खोलीत उरली. मूलबाळ नव्हतं. दुकानातले उरलेले तुकडे घेऊन ती बाळांची दुपटी शिवायची.

कापसाच्या मुलखात राहून तिनं दुपट्यात कापूस घालणं सोडलं होतं. दोन धुण्यांतच कापूस कोपऱ्यात गोळा होतो, पावसाळ्यात आतून दमट राहतो. त्याऐवजी ती दोन मलमलींच्या मधे फलालीनचा एक पदर घालायची, म्हणजे मऊ, लव असलेलं सुती कापड. सुई लोण्यातून गेल्यागत जायची. कुंची असो की टोपडं, एवढ्याशा वस्तूतही भर बसायची, पण ती उशीसारखी फुगत नसे. सुरतेहून फोमचे चकाकते बाळंतविडे यायला लागले होते, तरी नेकनूरपासूनच्या बाया हीच दुपटी मागायच्या.

पण त्यांना वाटायचं, ही थोरल्या जावेच्या, मुक्ताबाईच्या हातची.

"विधवेनं शिवलंय म्हणलं तर कोण घेईल?" मुक्ताबाई म्हणायची. "तू आपली आत बसून शीव."

गंगासागर आत बसून शिवत राहिली. पुतणी शिवकन्या तिच्याच मांडीवर वाढलेली. तिच्या सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला गंगासागरनं पिवळं दुपटं शिवलं, कडेनं मोरांची रांग घातली, आणि ते घेऊन ती बायांनी भरलेल्या खोलीच्या दाराशी गेली. मुक्ताबाई ताडकन उठली.

"तिथंच थांब. तुझी सावली नको माझ्या लेकीवर. ठेव ते उंबऱ्याभाईर!"

शिवकन्यानं मान खाली घातली. गंगासागरनं दुपटं खाली ठेवलं आणि ती मागे फिरली. थोड्या वेळानं मुक्ताबाईनंच ते उचलून आत नेलं आणि खोलीतून आवाज आला, "मुक्ताबाई, काय हात हाय वो तुमचा! हे मोर बघा की!" त्यावर जाऊ लाजून हसली. ते हसणं गंगासागरच्या कानात रुतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी भरली. मुक्ताबाईला काळजी होती ती एकच.

"जातीस तर जा. पण आत घालतीस काय, ते सांगून जा."

"फलालीन," गंगासागर म्हणाली.

खोटं ती बोलली नाही. पण फलालीन आधी कढत पाण्यात भिजवून, आटवून, रंग जाईस्तोवर धुवावी लागते आणि मगच कापावी लागते, हे तिनं सांगितलं नाही. मुक्ताबाईनंही विचारलं नाही.

नेकनूरला भाऊ बंकट याच्या घरी ती वाट बघत राहिली. काही महिन्यांनी, दुकानात तिनं शिवून ठेवलेली दुपटी खपल्यावर, बाजाराहून आलेल्या बंकटनं सांगितलं, तालुक्यातले पुढारी विजयसिंह यांच्या सुनेचा बाळंतविडा मुक्ताबाईनं अंगावर घेतलाय. गंगासागरनं त्याच दिवशी सुई हातात घेतली. सगळाच्या सगळा बाळंतविडा तिनं स्वतः शिवला आणि पेटीत घालून ठेवला. भावजय म्हणाली, "कुणासाठी वो एवढं?" "लागंल कुणाला तरी," ती म्हणाली.

विजयसिंहांकडे नातू झाला. मुक्ताबाईनं शुभ म्हणून लाल फलालीन घेतलेली, ताग्यावरून थेट कापलेली. बाळाचे कपडे जसे कढत पाण्यात टाकतात तशी ती दुपटी टाकली गेली. आतला पदर आटला, वरची मलमल खारकेगत सुरकुतली आणि पांढऱ्यावर लाल ओघळ उतरले. विजयसिंहांच्या मंडळी वनमालाबाई स्वतः दुकानात आल्या. गिऱ्हाईकांच्या देखत ओलं गाठोडं गादीवर आपटून म्हणाल्या, "माझ्या नातवाला असल्यात गुंडाळू? बारसं तोंडावर हाय!"

मुक्ताबाई पहिल्या एसटीनं नेकनूरला आली. ओसरीवर बसून रडली. गंगासागरनं पाणी दिलं, आत या म्हणाली नाही.

"तू जाणूनबुजून केलंस."

"तुमी इचारलं तेवढं सांगितलं."

"माझी अब्रू वाचव. दुकान बुडंल गं."

गंगासागरनं पेटी उघडून दाखवली. मुक्ताबाईचा हात पुढे आला तसं तिनं झाकण लावलं.

"बारशाला मी येणार. समद्या बायांत तुमी सांगायचं, हे कुणी शिवलं. आन् आजवरचं बी कुणी शिवलं."

"तिथं? विधवेचं नाव? कावून माझा असा जीव घेतीस?"

"मग रिकाम्या हातानं जा."

मुक्ताबाई उठून पायरीपर्यंत गेली, परत फिरली. शेवटी हो म्हणाली.

बारशाला बायांनी ओसरी भरली होती. मुक्ताबाई उभी राहिली, दोनदा घसा खाकरला आणि पुटपुटली. मागे भिंतीशी उभी असलेली गंगासागर म्हणाली, "मागं ऐकू आलं न्हाई." तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, रडत. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी आपल्या मांडीवरच्या लेकराच्या दुपट्याकडे बघितलं. वनमालाबाईंनी नवं दुपटं उलटून बघितलं, हातात चुरगाळलं आणि पाळण्यात अंथरलं.

"मुक्ताबाई, तुमचा नातू बी हिच्याच दुपट्यात निजतोय न्हवं? झालं काय त्याला?"



त्या दिवाळीत गंगासागरनं मोहनरावांच्या दुकानासमोरच गाळा घेतला. दुसरीकडे स्वस्तात मिळत होता, पण तिला समोरचाच हवा होता. गिऱ्हाईक आलं की ती माल दारात आणून, उजेडात पसरून दाखवायची. मुक्ताबाईनं दुकानात बसणं सोडलं.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी शिवकन्या गाळ्यावर आली. अवघडलेली, डोळे ओले. तिनं दुपटं मागितलं तरी गंगासागर शिवतच राहिली.

"काकू, माझं काय चुकलं?"

"तू खाली बघितलंस," गंगासागर म्हणाली. "दुपटं देते. तुझी आई येऊन मागू दे. हितं, रस्त्यात उभं राहून."

मुक्ताबाई आली नाही. शिवकन्यानं बीडहून फोमचं आणलं, असं कळलं. त्या दिवशी गंगासागरनं भाकरी नेहमीपेक्षा जास्त खाल्ली आणि दुपारी निवांत झोपली.